मागच्या सीटवरचं वजन

३ मार्च, मंगळवार

रिम आल्या. चार खोकी, प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत ‘जपून’ लिहिलेलं आणि प्रत्येकाचा एक कोपरा चेचलेला. कामाच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यांशेजारी ठेवली. दुपारभर एका कवळीचे दात बसवता बसवता माझं अर्धं लक्ष तिकडेच. शेवटी राहवेना, एक खोकं उघडलं. करड्या रंगाची रिम, जुन्यापेक्षा एक इंच रुंद. पन्नाशीच्या बाईने असली वस्तू मांडीवर घेऊन बसणं बरं दिसत नाही, पण मी बसले.

बाबा दारात उभे. “ही कसली परात?”

“परात नाही, रिम आहे. माझ्या गाडीची.”

“गाडीला आहेत की चार.”

“या रुंद आहेत. टायरही रुंद बसतील. गाडी रस्ता जास्त घट्ट धरते.”

“रस्ता पळून चाललाय का कुठे?” असं म्हणून भिंत धरत धरत परत खुर्चीकडे गेले.

छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. माझ्या स्पोर्ट्स सेडानला ते ‘बुटकी’ म्हणतात. दीड वर्ष झालं ती घेऊन, पण एकदाही आत बसलेले नाहीत. किल्ली सुद्धा हातात घेत नाहीत, टेबलावर असली तर बाजूला सरकवून पेपर वाचतात.

५ मार्च, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी बाबांचे गुडघे वाकवून पाहिले, चार पावलं चालायला लावलं आणि मला बाहेरच्या खोलीत बोलावून सांगितलं, “पायांत दोष नाही. ते पाय वापरतच नाहीत. असेच बसून राहिले तर दोन-तीन महिन्यांत उठणं बंद होईल. काहीही करून त्यांना घराबाहेर काढा.”

काढायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. केस कापणारा घरी येतो, डॉक्टर घरी येतात. माझ्या गाडीचा विषय काढला की बाबांना एकदम झोप येते.

याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते. दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्यांची छोटी गाडी आपल्याच फाटकाच्या खांबाला ठोकली. लागलं कुणाला नाही, खांबाचा टवका गेला. दुसऱ्या दिवशी मी त्यांची किल्ली उचलली, प्लास्टरच्या बरणीत खोल पुरून ठेवली आणि “सापडत नाही हो” म्हणाले. तीन दिवस ते उशा उलटून शोधत होते. चौथ्या दिवशी शोधणं थांबलं. महिन्याने गाडी विकली तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते कुठल्याच वाहनात बसलेले नाहीत.

ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ मार्च, शनिवार

आज चाकं चढवली. टायरवाल्याला सगळे मिलिमीटर म्हणतात, कारण तो जेवला किती हेही त्याच मापात सांगेल. त्याने जुनी आणि नवी रिम शेजारी आडव्या ठेवून मला समजावलं, “ताई, चाक आतल्या बाजूला तीन मिलिमीटर जाणार, बाहेरच्या बाजूला तेवीस. खरा प्रश्न बाहेरचा. मडगार्डची आतली कड आणि टायर, यांची गाठ पडता कामा नये.”

माझं अख्खं आयुष्य यातच गेलंय. वरचा दात खालच्याला कुठे टेकतो, किती टेकतो, कुठे टेकता कामा नये. मी म्हटलं, माप मी घेते. पुढची चाकं पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिली. मागे टायर आणि कडेच्या मधून बोट आरामात जात होतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा मोजलं.

“तुमचा हात म्हणजे काय, प्रश्नच नाही,” मिलिमीटर म्हणाला. मीही मान डोलावली, काय सांगू. मग त्याने नट आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या म्हणून बजावलं.

८ मार्च, रविवार

सकाळी एकटीच लांब जाऊन आले. वळणावर गाडी अशी चिकटून जाते की मी दोनदा मोठ्याने हसले. शेजारी कुणी नव्हतं ते एका अर्थी बरंच झालं.

परत आले तर बाबा खिडकीत. बराच वेळ चाकांकडे बघत होते. “फेंगडी उभी आहे,” म्हणाले. मी चिडले. पण हेही खरं की तासभर तरी ते त्या खिडकीत उभे असणार, कारण खुर्चीवरची उशी थंडगार होती.

११ मार्च, बुधवार

आज माझं नाक चांगलंच कापलं गेलं.

प्लास्टर संपत आलं म्हणून चार पोती घेऊन आले, पंचवीस-पंचवीस किलोंची, मागच्या सीटवर रचून. गल्लीच्या तोंडाशी जो उंचवटा आहे त्यावरून गाडी उतरली आणि मागून खर्रर्र. फाटकात वळताना पुन्हा खर्रर्र. उतरून पाहते तो डाव्या टायरच्या खांद्यावर ताजी रेघ.

मी अजून दार लावलंही नव्हतं, आतून बाबांचा आवाज आला, “मागचं डावं घासतंय.”

खुर्चीत बसून, खिडकी बंद असताना. आत गेले. त्यांनी पेपरमधून मान वर केली नाही.

“माप रिकाम्या गाडीचं घेतलंस?”

मी हो म्हटलं.

“भरल्यावर गाडी बसते. मागून चार बोटं तरी बसते. हे बसमध्ये झाडू मारणाऱ्यालाही कळतं.”

वाईट याचं वाटलं की हे मलाच कळायला हवं होतं. जिच्याकडे मी काम शिकले ती बाई एकच गोष्ट रोज सांगायची: साच्यावर बसलेली कवळी ही कवळीच नव्हे, माणूस दात मिटून चावतो तेव्हा तिचं खरं माप कळतं. मीही कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवत आले. आणि गाडीचं माप घेताना मागे कुणी बसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दीड वर्षात तिथे माझी पर्स सोडून कुणी बसलेलंच नाही.

१२ मार्च, गुरुवार

कुठे आणि किती घासतं हे कळल्याशिवाय उपाय करता येत नाही. त्यावर माझ्याकडे रामबाण आहे: गुलाबी मेण, ज्याच्यावर आम्ही लोकांचा चावा उमटवून घेतो. मेणातला ठसा बघून माणूस डावीकडून चावतो की उजवीकडून, रागाने दात खातो की नाही, हे मी सांगू शकते. तेच मेण पट्टी करून मडगार्डच्या आतल्या कडेला लावायचं, मागे पोती ठेवायची आणि एक चक्कर मारायची.

चहा पिताना बाबांना सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. “पोत्यांनी काय कळणार? पोतं वळणावर झुकत नाही. माणूस झुकतो.”

“मग माणूस कुठून आणू?”

बाबांनी कपात बघितलं. चहा संपला होता तरी बघत राहिले. “प्रवासी म्हणून मी बसणार नाही,” म्हणाले. “वजन म्हणून बसेन.”

मी अगदी कोरडेपणाने म्हटलं, “बरं, रविवारी बघू.” मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले.

१५ मार्च, रविवार

बाबा सात वाजल्यापासून तयार होते. भांग पाडलेला, शर्टाची वरची गुंडी लावलेली. “वजनाला गुंडी लागते का?” मी विचारलं. “घाटात वारा असतो,” म्हणाले. म्हणजे कुठे जायचं तेही यांचं ठरलेलं होतं.

गाडीत शिरायलाच पाच मिनिटं गेली. बुटकी आहे हे खरंच. आधी डोकं, मग एक पाय, मग मला दोन शिव्या, मग दुसरा पाय. बसल्यावर त्यांनी माझ्या सीटच्या पाठीवर दोनदा टकटक केलं. लहानपणी त्यांच्या शेवटच्या फेरीला मी बसमध्ये असायची तेव्हा घंटेची दोरी दोनदा ओढायचं काम माझं होतं. म्हणून अजून मला कंडक्टर म्हणतात.

“आज कंडक्टर मी,” म्हणाले. “सोड.”

त्यांच्या जुन्या मार्गाने धरणापर्यंत गेलो. अकरा वर्षं त्यांनी तो घाट चालवला. प्रत्येक वळणाआधी मागून सूचना: आता गिअर उतरव, आता बाहेरून घे, इथे हॉर्न. मी सगळं ऐकलं. दोन ठिकाणी त्यांच्यामुळे खरंच चांगलं वळले, ते मात्र बोलले नाही.

घरी येऊन मेण पाहिलं. पट्टी स्वच्छ, ओरखडासुद्धा नाही.

“उंचवट्यावरूनही नेली मी,” मी म्हटलं. “मग घासलं का नाही?”

बाबांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. वजनकाटा आणून त्यांना उभं केलं. सत्तेचाळीस. मला आठवतात ते अठ्ठ्याहत्तर किलोचे बाबा.

“दोन पोती घे बरोबर,” म्हणाले. “माझं एकट्याचं भागणार नाही.”

मी हो म्हटलं आणि काटा पलंगाखाली सारला. सत्तेचाळीस हा आकडा मला कुठेच ठेवता येत नाहीये. रोज ताट मीच वाढते, मला दिसायला नको होतं?

२२ मार्च, रविवार

बाबा आणि दोन पोती. पोत्यांनाही त्यांनी पट्टा लावायला लावला. “उतारू उभे राहता कामा नयेत,” म्हणाले. गल्लीच्या तोंडाशीच खर्रर्र झालं आणि मागून समाधानाने आवाज आला, “हं.” घाटात आणखी चारदा.

धरणापाशी, जिथे त्यांची बस वळायची, तिथे झाडाखाली गाडी लावली. चहाची टपरी वळणापलीकडे गेलीये, जाऊन यायला दहा मिनिटं लागतात. चला म्हटलं तर म्हणाले, “वजन गाडी सोडून जात नसतं.” मी दोन कप आणले. पाण्याकडे बघत चहा प्यायलो. मला वाटतं तो आमचा गेल्या दोन वर्षांतला सगळ्यात चांगला तास होता.

मेणात ठसा सुरेख आला आहे: वीतभर लांब, सपाट, टायरच्या बाजूला निमुळता.

२४ मार्च, मंगळवार

मिलिमीटरने ती पट्टी हातात घेतली आणि माझ्याकडे आदराने बघितलं. मग चाक काढून त्याच्या जागी पत्रा दाबायचा रूळ लावला, गरम हवेने रंग तापवला आणि मडगार्डची कड हळूहळू आत मुडपली. पत्रा थंड असताना केलं तर रंग तडकतो म्हणे. दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर जागा मिळाली. “ताई, आता चार माणसं बसवा मागे,” म्हणाला. मागे तिघांचीच जागा आहे, पण त्याचा उत्साह मोडवेना.

२९ मार्च, रविवार

बाबा, दोन पोती, घाट, धरण, चहा. मेण पाहिलं, एकदम स्वच्छ. मी मूर्खासारखी म्हणाले, “झालं बाबा. संपलं काम.”

“संपलं?”

“काही घासत नाही आता.”

“बरं झालं,” म्हणाले. शर्ट बदलून तो घडी करून कपाटात खाली ठेवला, जिथे न लागणारे कपडे ठेवतो.

जीभ चावावी तर आता काय उपयोग. पुढच्या रविवारी त्यांना कशाच्या निमित्ताने बाहेर काढू?

३ एप्रिल, शुक्रवार

पाच दिवस खुर्ची. काल दुपारी हाक मारली तर “उठवत नाही” म्हणाले. आज मी सहज बोलल्यासारखं बोलले, की शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात, ते आवळून घेतले, पण त्यानंतर एकदा घासतं का ते बघावं म्हणते.

बाबांनी पेपर घडी केला. “बघायलाच पाहिजे. मुडपलेला पत्रा परत उघडतो.”

कुठल्याच पुस्तकात असं लिहिलेलं नसावं. पण मी म्हटलं, हो, उघडतो.

५ एप्रिल, रविवार

आश्चर्य आहे. डाव्या पट्टीवर ठसा. वीतभर नाही, अगदी छोटा, चंद्रकोरीसारखा, खोल. घासल्याचा आवाज मात्र मला आला नाही. बाबा म्हणतात, “तू रेडिओ लावला होतास.”

खरं लिहायचं तर ठसा बघून मला आनंदच झाला. गाडी नीट नाही याचा आनंद. पुढचा रविवार पक्का.

एक गोष्ट खटकली. घरी आल्यावर बाबांच्या पँटला उजव्या गुडघ्यावर धुळीचा गोल होता. धरणापाशी मी चहाला गेले तेव्हा पडले की काय? विचारलं तर म्हणाले, “बुटाची नाडी बांधली.” वाकवत नाही म्हणून मीच त्यांना बिननाडीचे बूट आणून दिलेत.

७ एप्रिल, मंगळवार

मिलिमीटरने बॅटरी लावून लावून पाहिलं. टायरवर मेणाचा कण सुद्धा नाही, मग टायर लागला कसा? “ताई, हे टायरचं काम नाही. खडा उडाला असेल.” खडा तसा कोरीव उडत नाही, पण मला दुसरं काही सुचेना.

१२ एप्रिल, रविवार

पुन्हा चंद्रकोर. पुन्हा डाव्या बाजूला. पुन्हा गुडघ्यावर धूळ, यावेळी दोन्ही.

आता मला भीती वाटते. मी चहाला गेले की ते गाडीतून उतरतात आणि पडतात, आणि मला सांगत नाहीत. आज चहा घेऊन परत आले तर ते सीटवरच होते, पण धाप लागलेली आणि कपाळावर घाम. तळहाताला खरचटलेलं. “काय झालं?” “उकडतंय.”

येताना मागून अचानक म्हणाले, “किल्ली बरणीत होती ना? पांढऱ्या.”

गाडी मी रस्त्याच्या कडेला घेतली. आरशात बघितलं तर ते बाहेर बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तिसऱ्या दिवशी सापडली. तुझं प्लास्टर सांडलं होतं कपाटाच्या कडेला.”

“मग घेतली का नाही?”

“तू लपवलीस म्हणजे घाबरली असशील,” म्हणाले. “विचार केला, राहू दे.” जरा थांबून, “पण मागितली असतीस तर दिली असती मी.”

मी सॉरी म्हटलं. दोन वर्षांनी, पाठ फिरवून, हात स्टिअरिंगवर ठेवून. त्यांनी सीटवर दोनदा टकटक केलं. मग मला गाडी सोडावीच लागली.

१७ एप्रिल, शुक्रवार

ठरवलं. धरणाला जाणं बंद. हाड मोडलं तर डॉक्टरांचे तीन महिने लांबच राहिले, सगळंच संपेल. मिलिमीटरने लिहून द्यावं तसं सांगितलंय की काही घासत नाही. मग त्या दोन ठशांसाठी म्हाताऱ्या माणसाला घाटात फिरवणं म्हणजे माझाच हट्ट. संध्याकाळी बाबांना सांगितलं, “या रविवारी नको. पडताय तुम्ही.”

“पडलो नाही मी.”

“मग गुडघे कसे मळतात?”

त्यांनी पँटचे गुडघे झटकले. मग म्हणाले, “बरं. तू म्हणशील तसं.” किल्ली विकली तेव्हाचा चेहरा. गाडी विकली तेव्हाचा, असं लिहायचं होतं.

१८ एप्रिल, शनिवार

सकाळी बाबांची नखं कापली. महिन्यातून दोनदा कापते, कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे, मग खिडकीपाशी उजेडात बसून. डावा हात झाला. उजव्या हाताचा अंगठा घेतला आणि थांबले.

नखाखाली गुलाबी मेण होतं. चांगलं दाबून भरलेलं, पाण्याने न निघालेलं.

मेणातला ठसा बघून माणूस ओळखते म्हणून मी मिरवते. दोन आठवडे तो ठसा माझ्या टेबलावर पडून आहे.

बाबा खिडकीबाहेर बघत होते, गाडीकडे. मी मान खाली घालून नख कोरत राहिले आणि डोक्यात ते सगळं हळूहळू उलगडू लागलं. मी वळणापलीकडे दिसेनाशी झाले की दार उघडायचं. त्या बुटक्या गाडीतून एकट्याने बाहेर यायचं, जिथे माझ्या मदतीनेही पाच मिनिटं लागतात. गाडीला धरून मागच्या चाकापर्यंत जायचं. दोन्ही गुडघे टेकायचे. मडगार्डखाली हात घालून अंगठा दाबायचा. मग कशाचा आधार घेतला असेल? टायरचाच. तो रुंद आहे, हात टेकायला बरा. उठायचं, परत यायचं, मी येण्याआधी दार लावायचं.

डॉक्टर चार पावलं चालायला लावतात तर हे “पाय दुखतात” म्हणतात.

डोळे भरून आले. नख नीट दिसेना म्हणून जरा थांबले. “लागलं का?” त्यांनीच मला विचारलं.

“नाही.” मी अंगठा पुसला आणि पुढचं बोट घेतलं. “बाबा, मी विचार करत होते. तो ठसा कसला ते कळल्याशिवाय असं अर्धवट सोडणं बरं नाही. उद्या एक चक्कर मारायला हवी.”

“तेच सांगतोय मी,” म्हणाले. “तुझ्या त्या मिलिमीटरला काही कळत नाही.”

“पोती घेऊ?”

“घे. आणि चहा सावकाश आण. गेल्या वेळी फार गरम होता.”

आता त्यांनी कपाटातून तो शर्ट काढून खुर्चीवर टाकलाय. मी मेण तापवायला ठेवलं आहे. उद्याची पट्टी जरा जाड करीन आणि मऊ ठेवीन, म्हणजे अंगठ्याला जोर पडणार नाही.